मुंबईहून निघालेली ‘सिटी ऑफ कैरो’

नववीत असताना इतिहासाच्या सरांनी एकदा खिशातून चांदीचा रुपया काढून वर्गात फिरवला होता, आठवतं? राणीछाप रुपया. एका बाजूला व्हिक्टोरियाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला वेलबुट्टी. प्रत्येकाने तो बाकावर आपटून वाजवून पाहिला. तास संपेपर्यंत वर्गाचं पार लोहारशाळेसारखं झालं होतं आणि शेजारच्या वर्गातून बाई विचारायला आल्या होत्या. रुपया सरांच्या हातात परत पडेपर्यंत सरांचा जीव थाऱ्यावर नव्हता, हेही आठवतं. मग त्यांनी विचारलं, “असे कोट्यवधी रुपये आपल्या देशात होते. ते गेले कुठे?”

कुणी म्हणालं, आटवून दागिने केले. कुणी म्हणालं, इंग्रजांनी नेले. सर म्हणाले, “दोन्ही बरोबर. पण कसे नेले?” आणि घंटा झाली.

मी पुढे बँकेत लागलो. छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजले, पण सरांचा तो प्रश्न डोक्यातून पुरता गेला नाही. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा त्या प्रश्नाचं एक उत्तर सापडलं. एकच, कारण रुपये पुष्कळ वाटांनी गेले. त्यातली एक वाट मुंबईच्या गोदीतून निघते आणि दक्षिण अटलांटिक महासागराच्या तळाशी, पाच किलोमीटर खोल पाण्यात संपते. स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा शाळेच्या आठवणी इतर मंडळी माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील याची खात्री होती. म्हणून सरांना चाळीस-पंचेचाळीस वर्षं उशिरा हे उत्तर लिहून देतो आहे.

आधी रुपयाचं सांगतो. जुना चांदीचा रुपया वजनाला बरोबर एक तोळा. बारा माशांपैकी अकरा मासे चांदी, एक मासा हीण. म्हणूनच तो खणखणीत वाजायचा आणि ‘बंदा रुपया’ या शब्दाला वजन होतं. १९४०च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला. इंग्रज आता हरणार अशी हवा झाली, तसा लोकांचा कागदी नोटेवरचा विश्वास डळमळला आणि जो तो नोटा देऊन चांदीचे रुपये घरात नेऊ लागला. सरकारने दोन गोष्टी केल्या. एक रुपयाची नोट बाजारात आणली. आणि १९४० सालीच नव्या रुपयातली चांदी अकरा बाराअंशांवरून थेट निम्म्यावर आणली. वजन तेच, चांदी निम्मी. आपल्या आज्या-पणज्यांना हे कळायला कुठलं अर्थशास्त्र लागलं नाही. त्यांनी नवा रुपया बनियाला दिला आणि जुना डब्यात ठेवला. माझ्या आजीचा रुपया लक्ष्मीपूजनाला पाटावर यायचा आणि एरवी तांदळाच्या डब्याच्या तळाशी असायचा, तो याच सुज्ञपणामुळे.

सरकारने मग जुनी नाणी रद्दच करायला घेतली. राणी व्हिक्टोरियाचे रुपये ३१ मार्च १९४१ नंतर कायदेशीर चलन राहिले नाहीत. सातव्या एडवर्डचे मे १९४२ नंतर. पुढच्या राजांच्या पूर्ण चांदीच्या रुपयांची पाळी त्यानंतर आली. लोकांनी नाणी खजिन्यात भरायची आणि नोटा किंवा नवे हिणकस रुपये घ्यायचे. या सगळ्या खटाटोपातून हिंदुस्थान सरकारच्या हाती चांदीचा मोठा साठा आला. युद्धाला चांदी हवी होती. ती इंग्लंडला न्यायची तर समुद्रमार्गानेच, आणि समुद्रात जर्मन पाणबुड्या.

‘सिटी ऑफ कैरो’ ही एलरमन कंपनीची वाफेवर चालणारी बोट. इंग्लंडमधल्या हल बंदरात १९१५ साली बांधलेली, आठ हजार टनांची. म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ती सत्तावीस वर्षांची म्हातारी होती. माल नेणारी, पण शे-दीडशे उतारूंची सोय असलेली. ताशी बारा नॉट हा तिचा वेग, तोही धापा टाकत. इंजिनं इतका काळा धूर सोडायची की लांबूनच बोट दिसावी. शांततेच्या काळात ही फक्त उतारूंच्या कपड्यांची तक्रार झाली असती.

१९४२च्या ऑक्टोबरच्या अगदी सुरुवातीला ती मुंबईहून सुटली. काळ कोणता ते ध्यानात घ्या. गवालिया टँकवरचा ‘चले जाव’चा ठराव होऊन दोन महिनेही झाले नव्हते. पुढारी तुरुंगात, तारा तुटलेल्या, गावोगावी लाठीमार. आपल्या पाठ्यपुस्तकात १९४२ म्हटलं की एवढंच असायचं आणि ते योग्यच होतं. पण त्याच आठवड्यांत गोदीत या बोटीवर माल चढत होता : बिडाचे ठोकळे, लाकूड, लोकर, कापूस, मँगनीजचं खनिज, आणि चांदीच्या रुपयांनी भरलेल्या दोन हजार पेट्या. तीस लाख औंसांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ शंभर टन. नाणी पूर्ण तोळ्याची धरली तर माझ्या हिशेबाने हे ऐंशी लाखांच्या वर रुपये होतात. कॅशिअरची सवय जात नाही, म्हणून करून पाहिला.

भूमध्य समुद्राची वाट युद्धामुळे बंद होती. त्यामुळे मुंबईहून इंग्लंडला जाणारी बोट आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून जायची. ‘सिटी ऑफ कैरो’ डर्बनला थांबली, मग केपटाउनला. तिथून १ नोव्हेंबरला सकाळी निघाली. आता तिला अटलांटिक ओलांडून ब्राझीलच्या पर्नांबुकोला जायचं होतं आणि तिथून पुढे उत्तरेला. केपच्या परिसरात पाणबुड्यांचा मोठा धोका होता. आदल्याच महिन्यात जर्मनांच्या लांब पल्ल्याच्या पाणबुड्यांचा एक गट तिकडे पोचला होता. त्यातल्या यू-६८ या एकट्या पाणबुडीने ८ आणि ९ ऑक्टोबर या दोन दिवसांत केपजवळ सहा बोटी बुडवल्या होत्या. ‘सिटी ऑफ कैरो’ला सोबत नव्हती, ताफा नव्हता. किनाऱ्याकिनाऱ्याने काही अंतर उत्तरेला जाऊन ती पश्चिमेकडे खोल समुद्रात वळली. बोटीवर तीनशेहून थोडी जास्त माणसं होती, त्यात बायका आणि लहान मुलंही.

६ नोव्हेंबरला यू-६८ने तो धूर पाहिला.

पाणबुडीचा कप्तान कार्ल-फ्रीडरिश मेर्टन. रात्री साडेआठच्या सुमारास पहिला टॉर्पेडो लागला. बोट मागच्या बाजूने खचू लागली, पण लगेच बुडाली नाही. होड्या सोडायला वेळ मिळाला आणि जवळजवळ सगळी माणसं बाहेर पडली. सुमारे वीस मिनिटांनी मेर्टनने दुसरा टॉर्पेडो मारून काम पुरं केलं. बोट बुडताना फक्त सहा माणसं गेली. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग पाणबुडी पाण्यावर आली आणि होड्यांजवळ सरकली. होड्यांतल्या माणसांना वाटलं, आता मशिनगन चालणार. तसं झालं नाही. मेर्टनने बोटीचं नाव, माल काय, युद्धकैदी होते का, हे विचारलं. जवळची जमीन कुठे हे सांगितलं : उत्तरेला सेंट हेलेना बेट सुमारे पाचशे मैल. आफ्रिका आणि ब्राझील त्याहून कितीतरी लांब. आणि जाताना इंग्रजीत म्हणाला, शुभ रात्री, तुमची बोट बुडवल्याबद्दल माफ करा.

हे वाक्य प्रसिद्ध झालं. याच वाक्याचं नाव देऊन इंग्रजीत एक अख्खं पुस्तक निघालं. युद्धातल्या सभ्यतेचा नमुना म्हणून ते सांगितलं जातं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही भारावल्यासारखं झालं. आता तसं होत नाही. मेर्टन वाईट माणूस होता असं म्हणायचं नाही. सप्टेंबरमध्ये ‘लॅकोनिया’ बोटीच्या प्रकरणात एका जर्मन पाणबुडीने बुडत्या लोकांना वाचवायला घेतलं असताना तिच्यावर अमेरिकन विमानाने बाँब टाकले होते. त्यानंतर जर्मन पाणबुड्यांचा सेनापती डोनिट्स याने असं बचावकार्य करायला मनाई केली होती. तेव्हा मेर्टनने जेवढं केलं तेवढंच त्याला करता येत होतं. पण पाचशे मैल समुद्रात उघड्या होडीत बसवून ‘माफ करा’ म्हणण्याचा अर्थ काय होतो, ते त्याच्या वाक्यात नाही. ते पुढच्या दिवसांत आहे.

सहा होड्या. सेंट हेलेना हे बेट जेमतेम सोळा किलोमीटर लांब आणि त्याच्या निम्मं रुंद. नेपोलियनला जिथे डांबून ठेवलं ते हेच. अख्ख्या महासागरात हा एवढासा ठिपका, आणि तो होकायंत्र, सूर्य आणि अंदाज यांच्या भरवशावर गाठायचा. तिकडचा वारा आग्नेयेकडून वाहणारा, म्हणजे शिडाला तसा मदत करणारा. पण बेट चुकून बाजूला राहिलं तर तोच वारा तुम्हाला ब्राझीलच्या दिशेला दोन हजार मैलांच्या मोकळ्या पाण्यात नेणार. बोटीचा कप्तान विल्यम रॉजरसन याने सगळ्या होड्या एकत्र ठेवायचा प्रयत्न केला. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला काही घोट. पण काही होड्या गळत होत्या, काही वेगाने जात होत्या, काही मागे पडत होत्या. काही दिवसांत त्या पांगल्या.

तीन होड्या सेंट हेलेनाच्या वाटेवर ‘क्लॅन अल्पाइन’ या मालवाहू बोटीला सापडल्या, बुडाल्यानंतर तेराव्या दिवशी. दीडशेच्या आसपास माणसं तिने बेटावर उतरवली. त्यातली काही तिथल्या इस्पितळात गेलीच, शरीरात काही उरलं नव्हतं. आणखी एक होडी ‘बेंडोरन’ बोटीला दिसली आणि त्यातली माणसं केपटाउनला पोचली. उरल्या दोन.

या दोन होड्यांची हकीकत मी दोन-तीनदा वाचली आहे आणि प्रत्येक वेळी मध्ये पुस्तक मिटवून पाणी प्यायला उठलो आहे.

एका होडीत पन्नासहून अधिक माणसं होती, त्यात मोठा भाग हिंदुस्थानी खलाशांचा. अँगस मॅकडोनाल्ड नावाचा बोटीचा क्वार्टरमास्टर त्या होडीत होता आणि त्याने पुढे तिची हकीकत लिहिली. पाणी संपत गेलं. पाऊस येईना. माणसं एकेक करून गेली, कधी रात्रीत दोन-तीन. छत्तिसाव्या दिवशी, १२ डिसेंबरला, ‘राकोटिस’ नावाच्या बोटीने त्यांना पाहिलं. ती होती जर्मन, जपानहून माल घेऊन इंग्रजांची नाकेबंदी चुकवत युरोपला निघालेली. होडीत तिघं जिवंत होते : मॅकडोनाल्ड, जॅक एडमीड नावाचा स्टुअर्ड आणि डायना जार्मन नावाची एक तरुण उतारू. होडीतला हिंदुस्थानी खलाशी एकही उरला नव्हता. डायना जार्मनही जर्मन बोटीवर काही दिवसांत वारली. जर्मनांनी तिला वाचवायची शिकस्त केली असं मॅकडोनाल्ड लिहितो. मग १ जानेवारी १९४३ला ‘राकोटिस’लाच इंग्रजांच्या ‘सिला’ या युद्धनौकेने बिस्केच्या उपसागरात गाठलं आणि ती बुडाली. म्हणजे दोघं पुन्हा होडीत! एडमीड तटस्थ स्पेनच्या किनाऱ्याला लागला. मॅकडोनाल्डला एका जर्मन पाणबुडीने उचललं, फ्रान्सला नेलं आणि उरलेलं युद्ध त्याने जर्मनीत कैदेत काढलं. कादंबरीत लिहिलं असतं तर आपल्या मराठीच्या बाईंनी ‘योगायोगांचा अतिरेक’ असा शेरा मारला असता.

दुसऱ्या होडीत सतरा माणसं होती. तिची सूत्रं थर्ड ऑफिसर जेम्स व्हाइट याच्याकडे होती. बेट आता मागे राहिलं असं ठरवून त्याने पश्चिमेकडे, ब्राझीलच्या दिशेला होडी सोडली. एक्कावन्न दिवस ती होडी समुद्रावर होती. २७ डिसेंबरला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘काराव्हेलास’ या ब्राझिलियन युद्धनौकेला ती सापडली तेव्हा आत दोघं होते, व्हाइट आणि मार्गारेट गॉर्डन नावाची प्रवासी. व्हाइटला पुढे घरी जायला बोट मिळाली, एलरमन कंपनीचीच ‘सिटी ऑफ प्रिटोरिया’. मार्च १९४३मध्ये तिलाही पाणबुडीने बुडवलं आणि तिच्यावरचा एकही माणूस वाचला नाही. मार्गारेट गॉर्डनने मात्र युद्ध संपेपर्यंत अटलांटिक ओलांडायचं साफ नाकारलं. एक्कावन्न दिवसांनंतर हा शहाणपणा शिल्लक राहिला, हेच विशेष.

आता तो आकडा. बोट बुडताना गेली सहा माणसं. एकूण मेली एकशे चार. म्हणजे टॉर्पेडोने मारली त्यापेक्षा कितीतरी अधिक माणसं त्या ‘शुभ रात्री’नंतर, हळूहळू, तहानेने मेली. आणि त्यात बहुतेक उतारू नव्हते, बोटीचे कर्मचारी होते.

इथे मला थांबून आपल्याकडचं थोडं सांगायचं आहे. आपल्या वर्गात निदान चार-पाच जण असे होते की ज्यांचे आजोबा किंवा चुलत आजोबा ‘बोटीवर’ होते. खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातली मुलं तर बहुतेक त्याच घरांतली. कोकणातून, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून, माणसं मुंबईला जाऊन इंग्रज कंपन्यांच्या बोटींवर लागायची ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. गोव्याकडचे लोक जेवणाखाण्याच्या खात्यात, बटलर-स्टुअर्ड म्हणून. मुंबईत धोबीतलावला त्यांच्या गावोगावच्या ‘कूड’ असायच्या, बोट मिळेपर्यंत राहायला. कलकत्त्याहून सुटणाऱ्या बोटींवर सिल्हेट, नोआखाली, चितगावकडचे लोक असायचे. डेकवरच्या माणसांचा मुकादम तो सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल. खाली बॉयलरपाशी आगवाले, कोळसेवाले. इंग्रज या सगळ्यांना एकच नाव लावायचे, लास्कर.

युद्धाच्या सुरुवातीला इंग्रजी व्यापारी बोटींवरच्या खलाशांत चौथा हिस्सा लास्करांचा होता. त्यांचे करार वेगळे, पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्श्याएवढा, आणि झोपायची जागादेखील कायद्यानेच कमी. १९३९च्या अखेरीस, युद्ध पेटताच, इंग्लंडच्या बंदरांत आणि इतरत्रही या लोकांनी बोटी अडवल्या. जिवावरचं काम आहे तर पगार वाढवा म्हणाले. शेकडो जणांना तुरुंगात टाकलं, पण शेवटी पगार वाढवावा लागला. आपल्या पुस्तकांत हा संप कुठेही नव्हता. सरांनाही तो माहीत असेल असं वाटत नाही, नाहीतर त्यांनी सांगितला असता.

‘सिटी ऑफ कैरो’वरचे खलाशीही बहुतांशी हेच. गोऱ्या माणसांच्या हकिकती उपलब्ध आहेत. कोण कोणाशी काय बोललं, कोण कोणत्या दिवशी गेलं, नावानिशी. लास्करांचा उल्लेख त्याच हकिकतींत बहुतेक संख्येने येतो. इतके होते, इतके उरले. मॅकडोनाल्डवर माझा राग नाही, बिचाऱ्याने जे पाहिलं ते लिहिलं, आणि सोबतच्या खलाशांची भाषा त्याला येत नव्हती. पण होडीत छत्तीस दिवस गुडघ्याला गुडघा लावून बसलेली ती माणसं शेवटी काय बोलत होती, घरचं कोणाचं नाव घेत होती, हे सांगणारं कुणी परत आलंच नाही.

युद्धात असे सहा हजारांवर हिंदुस्थानी व्यापारी खलाशी गेले. लंडनला टॉवर हिलवर व्यापारी नौदलातल्या मृतांचं मोठं स्मारक आहे, ज्यांना समुद्राशिवाय थडगं नाही अशांचं. या युद्धातली सुमारे चोवीस हजार नावं तिथे ब्राँझच्या पाट्यांवर बोटीवार कोरली आहेत. त्याच बोटींवरच्या आपल्या माणसांची नावं त्यात नाहीत. त्यांच्यासाठी मुंबई आणि चितगाव इथे वेगळी व्यवस्था केली : नावं दगडावर नाहीत, नोंदवहीत. मुंबईची वही मस्जिद बंदरला, भारतीय खलाशांच्या वसतिगृहात ठेवलेली आहे. माझ्या नोकरीचा बराच काळ मी त्या स्टेशनावरून रोज लोकलने गेलो आणि मला याचा पत्ता नव्हता.

रुपयांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं.

ते सत्तर वर्षं तिथेच होते. २०११ साली ‘डीप ओशन सर्च’ या कंपनीने ब्रिटिश सरकारशी करार करून बोटीचा शोध लावला. बोट दोन तुकडे होऊन पडली होती, गाळात रुतलेली, ५,१५० मीटर खोल. ‘टायटॅनिक’ ३,८०० मीटरवर आहे, यावरून अंदाज करा. एवढ्या खोलीवरून कुणी माल वर काढला नव्हता. यंत्रांनी तो काढला. २०१३पर्यंत कितीतरी टन नाणी वर आली, किंमत सुमारे साडेतीन कोटी पौंड. २०१५च्या एप्रिलपर्यंत ही गोष्ट गुप्त ठेवली होती, मग जाहीर केली. चांदी कायद्याने ब्रिटिश खजिन्याची, त्यामुळे त्यांचा हिस्सा त्यांना आणि कंपनीचा कंपनीला. नाणी बहुतेक वितळवून विकली. शोधणाऱ्यांनी जाताना तळाशी एक पाटी ठेवली, त्यावर ‘आम्ही इथे आदराने आलो’ अशा अर्थाचे शब्द आहेत. मेर्टनच्या वाक्यासारखंच हेही. सभ्य, आणि चांदी उचलून झाल्यावरचं.

बातमी तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही आली होती, ‘समुद्रतळाचा खजिना’ वगैरे मथळ्याखाली. मुंबईच्या गोदीतल्या १९४४च्या स्फोटात ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीवरच्या सोन्याच्या विटा शहरभर उडाल्या ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. या रुपयांची कुणी ऐकली नव्हती. ती चांदी ज्या घरांतून, देव्हाऱ्यांतून, गाठोड्यांतून खजिन्यात भरली गेली त्या घरांचा बातमीत उल्लेख नव्हता. मी त्यावर फार तावातावाने बोलणार नाही. सरकारने नाणी घेतली तेव्हा बदल्यात नोटा दिल्या होत्या, हिशेबाने व्यवहार पुरा झाला होता. आणि तरी हिशेब जुळत नाही असं मला वाटतं, आणि माझ्या धंद्यात हे वाटणं चालत नाही.

यू-६८चंही सांगून टाकतो. मेर्टन १९४३च्या सुरुवातीला तिच्यावरून उतरला आणि म्हातारा होऊन १९९३ साली वारला. पाणबुडी १० एप्रिल १९४४ला मदेइराजवळ अमेरिकन विमानांनी बुडवली. तिच्यावरच्या सत्तावन्न जणांपैकी एकच वाचला. त्या दिवशी त्यांना शुभ रात्री म्हणायला कुणी नव्हतं.

आता एक विनंती, विशेषतः ज्यांच्या घरी कुणी ‘बोटीवर’ होतं त्यांना. मस्जिद बंदरच्या त्या वहीतली नावं आता राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या यादीत संगणकावर शोधता येतात. खलाशाचं नाव, हुद्दा, बोट आणि तारीख मिळते, काही ठिकाणी बापाचं नाव आणि गावही. अडचण एकच, इंग्रज कारकुनाने आपली नावं कानाला वाटली तशी लिहिली आहेत. इब्राहिम चार तऱ्हांनी, हुसेन सहा तऱ्हांनी, फर्नांडिस तर विचारूच नका. आडनाव बहुतेक नसतंच. तेव्हा एक स्पेलिंग घालून ‘सापडलं नाही’ म्हणून सोडू नका. घरी जुनी ट्रंक असेल, त्यात खलाशाची नल्ली असेल, कंपनीचं पत्र असेल, मनीऑर्डरची पावती असेल, तर बोटीचं नाव त्यात असतं आणि बोटीवरून शोधणं सगळ्यात सोपं. गेल्या डिसेंबरमध्ये आपल्याच तुकडीतल्या एका मित्राच्या घरी आम्ही दोघं दुपारभर असेच बसलो होतो. त्याच्या आजोबांच्या मोठ्या भावाचं पत्र १९४२नंतर आलं नाही, एवढंच घरात माहीत होतं. आम्हाला त्या बोटीचं नाव अजून मिळालेलं नाही. ‘सिटी ऑफ कैरो’ नव्हे, एवढं नक्की झालं आहे, कारण तो माणूस कलकत्त्याहून गेला होता. शोध चालू आहे. कुणाकडे त्या काळातल्या कलकत्त्याच्या बोटींची काही कागदपत्रं असतील तर संमेलनाला येताना घेऊन या. आणि ज्या कुणाच्या देव्हाऱ्यात अजून राणीछाप रुपया असेल त्याने तोही आणावा. बाकावर एकदा वाजवून पाहू.